कलाविषयक संशोधनाची साधने : ग्रंथालय, दप्तर आणि संगणक
(भोर व वेल्हे परिसराच्या अभ्यासाच्या निमित्ताने)

१. प्रास्ताविक

पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी लघुप्रबंधासाठी विषय निवडतो तेव्हा आपल्या गावाकडे त्याचे लक्ष जाणे स्वाभाविक असते. भोर किंवा वेल्हे भागातील विद्यार्थ्याला गावचे मंदिर, देवळासमोरील वीरगळ, वाड्याचे लाकडी कोरीवकाम, गडावरील देवतांच्या मूर्ती असे कितीतरी विषय सहज दिसत असतात. अडचण पुढे येते. विषय ठरल्यावर तो संगणकावर किंवा हातातील दूरध्वनीवर त्या स्थळाचे नाव लिहितो आणि त्याला दहा ठिकाणी तोच मजकूर मिळतो. वाक्येही तीच, चुकाही त्याच. मग 'या विषयावर साधनेच उपलब्ध नाहीत' असा निष्कर्ष काढून एक तर विषय बदलला जातो किंवा त्या दहा ठिकाणच्या मजकुराचीच नवी मांडणी करून प्रबंध पुरा केला जातो.

या दोन्ही मार्गांनी होणारे नुकसान केवळ विद्यार्थ्याचे नसते. मावळातील अनेक लहान देवळांचा, वीरगळांचा आणि घरांचा कोणताही लेखी तपशील आजवर झालेला नाही. जीर्णोद्धाराच्या कामात जुने दगड बाजूला पडतात, मूर्तींवर शेंदराचे किंवा तैलरंगाचे थर चढतात, जुने वाडे उतरवले जातात. अशा वस्तूची नोंद करण्याची संधी ज्या विद्यार्थ्याला लाभते तो पुष्कळदा तिचा पहिला आणि कदाचित शेवटचा नोंदकार असतो. त्याने साधनांच्या अभावी विषय सोडला, तर ती वस्तू अभ्यासाच्या कक्षेबाहेर कायमची राहू शकते.

प्रस्तुत लेखाचा हेतू मर्यादित आहे. भोर व वेल्हे हा परिसर समोर ठेवून कलाविषयक संशोधनाची मुद्रित, हस्तलिखित, संगणकीय आणि प्रत्यक्ष स्थळावरील साधने कोठे व कशी शोधावीत, तसेच ती एकमेकांशी कशी ताडून पाहावीत, याचे विवेचन येथे केले आहे. मराठीच्या अभ्यासकाला हे विवेचन परके वाटू नये. सनदा, शकावल्या, देवस्थानांचे हिशेब आणि स्थलमाहात्म्ये ही सगळी मराठीतच आहेत आणि ती वाचण्याचे शिक्षण मराठीच्या अभ्यासक्रमातच मिळत असते.

२. नावाचा प्रश्न

साधनांच्या शोधात पहिला अडसर नावाचा असतो. आज आपण ज्याला भोर तालुका म्हणतो त्याचा बराचसा भाग ८ मार्च १९४८ पर्यंत पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता. राजाराम महाराजांच्या काळात सचिवपद मिळालेले शंकराजी नारायण हे या घराण्याचे मूळ पुरुष. त्यांची समाधी भोर तालुक्यातील आंबवडे येथे आहे. संस्थान विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड या पाच तालुक्यांत विभागलेले होते. ही नावे किल्ल्यांवरून व मावळांवरून पडलेली आहेत. विचित्रगड म्हणजे रोहिडा, तर प्रचंडगड म्हणजे तोरणा. सुधागड आज रायगड जिल्ह्यात आहे. म्हणजे भोरच्या पंतसचिवांनी केलेल्या बांधकामांचा अभ्यास करणाऱ्याला पुणे जिल्ह्याच्या सीमेबाहेर, पालीच्या बाजूलाही पाहावे लागते.

यातून काही व्यावहारिक परिणाम निघतात. वेल्ह्याविषयीची संस्थानकालीन माहिती शोधणाऱ्याने केवळ 'वेल्हे' हा शब्द घेऊन भागत नाही. जुन्या कागदांत त्या प्रदेशाचा उल्लेख कानद खोरे, गुंजण मावळ अशा नावांनी येतो, तर भोरच्या आसपासचा प्रदेश हिरडस मावळ, रोहिड खोरे, वेळवंड खोरे या नावांनी येतो. राजगडाचे आधीचे नाव मुरुंबदेव असे होते. किल्ल्याच्या पूर्वेतिहासाचे कागद शोधताना हे नाव ठाऊक नसेल तर हाती काही लागणार नाही. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला. यापुढील अभ्यासकाला म्हणून आणखी एक सावधगिरी बाळगावी लागेल. संस्थानी कागदांतील 'तालुके राजगड' आणि नव्या नावाचा राजगड तालुका यांच्या हद्दी एकच आहेत असे गृहीत धरता येणार नाही.

इंग्रजी साधनांत अडचण आणखी वाढते. एकच गाव निरनिराळ्या काळच्या इंग्रजी वर्णलेखनात निरनिराळ्या रीतीने लिहिलेले असते. 'वेल्हे'च्या आरंभी व्ही आहे की डब्ल्यू, शेवटी ई आहे की ए, एवढ्या फरकाने संगणकीय शोध रिकामा परत येतो. म्हणून संशोधनाच्या पहिल्या आठवड्यातच विद्यार्थ्याने एक नामसूची तयार करावी. तीत स्थळाचे आजचे नाव, जुने नाव, मोडी कागदांतील लेखन, इंग्रजीतील सर्व संभाव्य वर्णलेखने, ज्या खोऱ्यात वा मावळात ते मोडते त्याचे नाव, देवतेची पर्यायी नावे आणि देशमुख-घराण्यांची नावे यांचा समावेश असावा. पुढील प्रत्येक शोध या सूचीतील सर्व नावांनी घ्यावा.

प्रशासकीय इतिहासाचा संबंध दप्तरांच्या मांडणीशीही येतो. भोर हे 'सातारा जहागिरीं'पैकी एक संस्थान असल्याने त्याच्या संबंधीचे सरकारी कागद पुणे जिल्ह्याच्या महसुली कागदांत असतीलच असे नाही. संस्थानांशी होणाऱ्या राजकीय पत्रव्यवहारात, म्हणजे सातारा, पुणे आणि पुढे दख्खन संस्थाने यांच्या एजन्सींच्या कागदांत ते पाहावे लागतात. संशोधनवस्तू आज कोठे आहे हा एक प्रश्न असतो. तिच्याविषयीचा कागद जेव्हा तयार झाला तेव्हा ती कोणाच्या अमलाखाली होती, हा दुसरा. ग्रंथालयात किंवा पुराभिलेखागारात जाण्यापूर्वी या दोन्हींची उत्तरे अभ्यासकाजवळ असली पाहिजेत.

३. मुद्रित साधने आणि त्यांचे मौन

मुद्रित साधनांचा आरंभ सूचिग्रंथांपासून करावा. शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'च्या दोन भागांत १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० या काळातील मराठी ग्रंथांची विषयवार नोंद आहे. संस्थानी चरित्रे, क्षेत्रवर्णने, देवस्थानांची माहितीपर पुस्तके यांचा माग काढण्यासाठी आजही याहून भरवशाचे साधन नाही. कलावंतांविषयी शोध असेल, तर सुहास बहुळकर व दीपक घारे यांनी संपादित केलेला 'शिल्पकार चरित्रकोशा'चा दृश्यकला खंड आधी पाहावा. संज्ञा व सामान्य माहिती यांसाठी मराठी विश्वकोश आहे आणि तो आता संगणकावरही वाचता येतो.

यानंतर गॅझेटियर. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणे जिल्ह्यावरील अठरावा खंड १८८५ मध्ये तीन भागांत प्रसिद्ध झाला. पुढे १९५४ मध्ये पुणे जिल्ह्याचे सुधारित गॅझेटियर निघाले. दोन्हींच्या दरम्यान भोर संस्थान विलीन झाले आहे, हे लक्षात ठेवून दोन्ही वाचावेत. १८८५ च्या खंडात एखादे स्थळ आढळले नाही, तर ते तेव्हा उल्लेखनीय नव्हते असा अर्थ होत नाही. ते संस्थानी मुलखात होते, एवढेच कदाचित त्याचे कारण असेल.

हाच मुद्दा पुरातत्त्वविषयक याद्यांना अधिक लागू पडतो. हेन्री कझिन्स यांनी १८९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुधारित प्राचीन अवशेषसूचीच्या शीर्षकातच मुंबई इलाख्याबरोबर बडोदे, पालनपूर, राधनपूर, काठेवाड, कच्छ, कोल्हापूर आणि दक्षिण मराठा लहान संस्थाने यांची नावे आहेत. भोरचे नाव शीर्षकात नाही. सूचीत एखादे मावळी देऊळ आढळले नाही, तर तेथे प्राचीन अवशेष नाहीत असे अनुमान काढण्यापूर्वी सूचीची व्याप्ती तपासायला हवी. कझिन्स यांचाच दख्खनमधील मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथ १९३१ चा आहे. स्वातंत्र्योत्तर काळात म. श्री. माटे यांचा मराठा वास्तुकलेवरील इंग्रजी ग्रंथ (१९५९) आणि गो. बं. देगलूरकर यांचा महाराष्ट्रातील मंदिरस्थापत्य व शिल्प यांवरील ग्रंथ (१९७४) प्रसिद्ध झाले. या ग्रंथांत भोर-वेल्ह्यातील एखाद्या विशिष्ट देवळाची माहिती मिळो वा न मिळो, त्यांच्यातून वर्णनाची परिभाषा मिळते. अधिष्ठान, जंघा, शिखराचे प्रकार, लाकडी मंडपाचे भाग यांची नावे ठाऊक नसतील, तर समोरच्या वस्तूचे वर्णन 'सुंदर कोरीवकाम' या दोन शब्दांपलीकडे जात नाही.

ही पुस्तके भोरला मिळतीलच असे नाही. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानुसार अनुदान घेणारी ग्रंथालये 'अ' ते 'ड' वर्गांत विभागलेली आहेत आणि तालुक्याच्या गावच्या ग्रंथालयाचा मुख्य भार ललित वाङ्मयावर असतो. मात्र त्यांच्याकडील जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड आणि स्थानिक स्मरणिका यांकडे दुर्लक्ष करू नये. देवस्थानाचा जीर्णोद्धार, शाळेचा सुवर्णमहोत्सव, ग्रामपंचायतीचा वर्धापनदिन अशा प्रसंगी निघालेल्या स्मरणिका कोणत्याही सूचीत नसतात आणि त्यांतील जुनी छायाचित्रे दुसरीकडे कोठेही मिळत नाहीत. उर्वरित ग्रंथांसाठी पुण्यास, म्हणजे सुमारे पन्नास किलोमीटरवर जावे लागते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय (आताचे जयकर ज्ञानस्रोत केंद्र), डेक्कन कॉलेज, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ या चार संस्थांच्या संग्रहांचे स्वरूप भिन्न आहे. पुरातत्त्व व मूर्तिशास्त्र यांसाठी डेक्कन कॉलेज, संस्कृत शिल्पग्रंथांसाठी भांडारकर, मराठी कागदपत्रांसाठी मंडळ आणि अप्रकाशित प्रबंधांसाठी विद्यापीठ अशी स्थूल विभागणी मनात ठेवली, तर एका दिवसाच्या फेरीत पुष्कळ काम होते. जाण्यापूर्वी प्राचार्यांचे किंवा मार्गदर्शकांचे ओळखपत्र घ्यावे आणि हव्या असलेल्या ग्रंथांची यादी दाखलांकासह तयार ठेवावी.

४. दप्तरातील कला

कलेचा इतिहास लिहिणाऱ्याची दप्तरात मोठी निराशा होते, कारण 'कला' या शीर्षकाचा रुमाल तेथे नसतो. कलेची माहिती दप्तरात खर्च, इनाम आणि तंटा यांच्या रूपाने दडलेली असते. देवळाचा कळस केव्हा बसवला हे कळसाच्या वर्णनातून कळत नाही. ते कासाराला, सोनाराला, पाथरवटाला दिलेल्या रकमेतून कळते. भिंतीवरील चित्रे कोणी काढली याचे उत्तर चिताऱ्याच्या मजुरीत, रंगाच्या खरेदीत किंवा त्याला दिलेल्या शिध्यात सापडू शकते. गवंडी, बेलदार, सुतार, पाथरवट, चितारी, नंदादीप, पूजा-नैवेद्य, मरामत हे शब्द डोळ्यांसमोर ठेवून हिशेबाचे कागद वाचले म्हणजे त्यांतून वास्तूचा इतिहास हळूहळू उभा राहतो.

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे. त्यातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतरच्या काही वर्षांत प्रसिद्ध झाले. छापील खंडांवरच थांबण्याची सवय अभ्यासकांना लागली आहे. संपादकांनी निवड राजकीय इतिहासाच्या दृष्टीने केलेली असल्याने देवस्थानांचे व बांधकामांचे हिशेब त्यांत फारसे आले नाहीत. ते मूळ रुमालांतच पाहिले पाहिजेत.

भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना १९१० ची. मंडळाने प्रसिद्ध केलेल्या 'शिवचरित्र साहित्या'च्या खंडांत मावळातील देशमुख घराण्यांचे पुष्कळ कागद आहेत. भोर तालुक्यातील कारी येथील जेधे देशमुखांकडील शकावली लोकमान्य टिळकांनी मंडळाच्या द्वारे १९१६ मध्ये प्रकाशात आणली, ही गोष्ट सर्वपरिचित आहे. शिवचरित्राच्या कालनिर्णयात त्या शकावलीला किती महत्त्व आले हेही आपण जाणतो. येथे तिचा उल्लेख वेगळ्या कारणासाठी केला आहे. एवढे मोलाचे साधन कोणत्याही राजधानीच्या दप्तरात नव्हते. ते मावळातील एका घरात होते. कुलवृत्तांत, वतनाच्या सनदा, गुरवांकडील पाळीचे कागद, पुजाऱ्यांचे महजर आजही घराघरांत असू शकतात. ते पाहावयास मिळावेत म्हणून मालकाचा विश्वास संपादन करावा, कागद त्याच्या घरीच वाचावेत व छायाचित्रे त्याच्या संमतीनेच घ्यावीत. कागद मागून नेणे आणि परत न देणे या प्रकारामुळे मागील पिढ्यांत अनेक घरांची दारे अभ्यासकांना बंद झाली आहेत.

हे सर्व मोडीशिवाय अशक्य आहे. मोडीचा अभ्यास म्हणजे केवळ इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम असा समज मराठी विभागांत रूढ झाला, तो दूर व्हायला हवा. सहा महिन्यांच्या नियमित सरावाने अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील हिशेबी मोडी बऱ्यापैकी वाचता येते. हिशेबाची वाक्यरचना ठरावीक असल्याने नवशिक्याने त्यांपासूनच आरंभ करणे सोयीचे.

५. संगणकीय साधने

गेल्या दोन दशकांत परिस्थिती पालटली आहे. जे ग्रंथ पाहण्यासाठी पूर्वी पुणे-मुंबईच्या खेपा कराव्या लागत ते आता भोरमध्ये बसून वाचता येतात. राज्य शासनाच्या दर्शनिका विभागाने गॅझेटियर संगणकावर उपलब्ध केले आहेत. कझिन्स यांच्या याद्या आणि जुन्या मराठी नियतकालिकांचे अनेक अंक इंटरनेट अर्काइव्ह या संग्रहात मिळतात. खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने उभारलेले राष्ट्रीय अंकीय ग्रंथालय, केंद्र शासनाचे इंडियन कल्चर हे संकेतस्थळ आणि राष्ट्रीय अभिलेखागाराचे अभिलेख पटल ही आणखी तीन ठिकाणे. शेवटच्यात संस्थानविषयक फायलींच्या नोंदी शोधता येतात.

प्रबंधांसाठी शोधगंगा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच.डी. प्रबंधांची संगणकीय प्रत देणे आवश्यक ठरवले आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने हा संग्रह उभा केला. विषय निवडण्यापूर्वी शोधगंगेवर पाहणे हे आता कर्तव्यच मानावे. याच केंद्राच्या एन-लिस्ट योजनेत सामील झालेल्या महाविद्यालयांतील शिक्षक-विद्यार्थ्यांना शुल्क देऊन घ्यावी लागणारी अनेक नियतकालिके व पुस्तके वाचता येतात. आपले महाविद्यालय या योजनेत आहे की नाही आणि प्रवेशनाम कोणाकडून मिळते, हे ग्रंथपालांना विचारावे.

राजगडाच्या अभ्यासकाला एक नवे साधन लाभले आहे. जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ल्यांचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला, त्यांत राजगड आहे. या नामांकनाचे कागद जागतिक वारसा केंद्राच्या संकेतस्थळावर वाचता येतात. तोरणा या बारांत नाही. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन किल्ल्यांपैकी एकाची साधने पुढील काळात झपाट्याने वाढतील आणि दुसऱ्याची तशी वाढणार नाहीत. तोरण्यावरील मेंगाईचे देऊळ, दरवाजे, टाकी यांच्या नोंदीचे काम त्यामुळे विद्यार्थ्यांकडे अधिकच येते.

संगणकीय शोधाच्या काही मर्यादा मात्र ओळखल्या पाहिजेत. जुन्या मराठी पुस्तकांच्या पानांची छायाचित्रे संगणकावर असतात, पण त्यांतील देवनागरी मजकूर यंत्राला नीट वाचता येत नाही. जोडाक्षरे तुटतात, अनुस्वार गळतात. शोधपेटीत शब्द लिहिल्यावर निष्पत्ती शून्य आली, तरी शब्द पुस्तकात असू शकतो. अशा वेळी अनुक्रमणिका आणि शेवटची स्थलसूची डोळ्यांनीच वाचावी. ग्रंथाचे नाव इंग्रजी लिपीत आणि अनेकदा चुकीच्या रीतीने नोंदलेले असते, म्हणून लेखकाच्या नावाने, प्रकाशनवर्षाने असे दोन-तीन मार्गांनी शोधावे. संकेतस्थळावरील मजकूर बदलतो किंवा नाहीसा होतो. म्हणून तो ज्या दिवशी पाहिला त्या दिवसाची तारीख टिपावी आणि पानाची प्रत जवळ ठेवावी. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. संगणकावर एखादे पुस्तक दिसते म्हणून त्यातील चित्रे प्रबंधात मुक्तपणे छापता येतात, असे समजू नये.

६. एका घंटेचे उदाहरण

साधने ताडून पाहणे म्हणजे काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. भोर तालुक्यातील नसरापूर येथे बनेश्वराचे मंदिर आहे. ते नानासाहेब पेशव्यांच्या काळात १७४९ मध्ये बांधले गेल्याचे सांगतात. तेथील घंटेवर १६८३ हे साल असल्याचे आणि ती चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेतून आल्याचेही अनेक ठिकाणी लिहिलेले असते. वसईचा विजय १७३९ चा. या तीन सालांची गल्लत संगणकावरील लेखनात वारंवार आढळते आणि घंटेचे साल हेच मंदिराचे साल समजण्यापर्यंत ती जाते.

अभ्यासकाने येथे काय करावे? पहिली पायरी प्रत्यक्ष घंटेची. आकडा स्वतः वाचावा, अक्षरे व चिन्हे यांचे मोजमापासह छायाचित्र घ्यावे. ख्रिस्ती चर्चमधील घंटेवर ओतकामाचे साल, क्रूस किंवा लॅटिन अथवा पोर्तुगीज लेख असण्याचा संभव असतो. आकडा खरोखरच १६८३ असेल, तर तो घंटा ओतल्याचा काळ होय. मंदिराशी त्याचा संबंध नाही. दुसरी पायरी तुलनेची. वाईजवळील मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल असल्याचे प्रसिद्ध आहे आणि महाराष्ट्रातील अनेक देवळांत अशाच घंटा आहेत. त्यांचे आकार, कड्या, लेखांची अक्षरवळणे एकमेकांशी जुळतात का, हे पाहिले की हा एक गट आहे किंवा नाही याविषयी काही बोलता येते. तिसरी पायरी कागदाची. घंटा वसईहून आली हे विधान कोणत्या समकालीन कागदावर आधारलेले आहे? पेशवे दप्तरातील निवडक कागदांचा एक खंड वसईच्या मोहिमेसंबंधी आहे आणि य. न. केळकर यांचे 'वसईची मोहीम' हे पुस्तकही आहे. त्यांत लुटीच्या वस्तूंचे, घंटांचे उल्लेख शोधावेत. चौथी पायरी मंदिराच्या सालाची. १७४९ हा आकडा शिलालेखातून, हिशेबातून की एखाद्या पुस्तकातून आला, याचा माग पाठीमागे काढत जावे आणि ज्या ठिकाणी माग थांबतो ते ठिकाण प्रबंधात प्रामाणिकपणे नोंदवावे.

या चार पायऱ्यांनंतर हाती काय येईल, हे आधी सांगता येणार नाही. कदाचित रूढ कथाच खरी ठरेल. तरीही ती आता सांगोवांगीची उरणार नाही, कारण तिच्यातील कोणते विधान वस्तूवर, कोणते कागदावर आणि कोणते परंपरेवर उभे आहे हे वाचकाला स्पष्ट दिसेल. लघुप्रबंधाची कमाई म्हणून एवढे पुरेसे आहे.

७. स्थळ हेच साधन

कलाभ्यासात अखेरचे प्रमाण वस्तूच असते. तिच्याकडे जाण्यालाही वेळ-काळ असतो. भाटघर धरणाच्या जलाशयात कांबरे गावाजवळ कांबरेश्वराचे मंदिर आहे. वर्षातील बहुतेक महिने ते पाण्याखाली असते आणि उन्हाळ्याच्या शेवटी पाणी उतरल्यावर उघडे पडते. त्याचा अभ्यास करावयाचा, तर वर्षाचे सारे नियोजन मे-जूनच्या त्या थोड्या दिवसांभोवती करावे लागेल. वेल्ह्याच्या डोंगराळ भागात पावसाळ्यात गडांवर जाणे धोक्याचे असते आणि छायाचित्रणही होत नाही. म्हणून ग्रंथालयाचे काम पावसाळ्यात व स्थळाचे काम दिवाळीनंतर अशी विभागणी सोयीची ठरते.

प्रत्येक वस्तूची नोंद एकाच पद्धतीने करावी. स्थान, दिशा, दगडाचा किंवा लाकडाचा प्रकार, उंची-रुंदी-जाडी, वीरगळ असेल तर प्रत्येक पट्टीतील दृश्य, लेख असेल तर ओळींची संख्या, सद्यःस्थिती, नोंदीची तारीख. छायाचित्रात मोजपट्टी ठेवावी. सकाळच्या किंवा सायंकाळच्या तिरप्या उन्हात घेतलेल्या छायाचित्रात झिजलेले कोरीवकाम अधिक स्पष्ट दिसते. दगडावर खडू, पीठ किंवा तेल लावून अक्षरे उठवण्याचा मोह टाळावा. शेंदूर खरवडण्याचा विचारही करू नये. ती पूजेतील देवता आहे. गाभाऱ्यात जाण्यापूर्वी गुरवांची व ग्रामस्थांची अनुमती घ्यावी.

गावातील वृद्धांकडून मिळणारी माहिती ही स्वतंत्र साधन म्हणून नोंदवावी. कोणी, केव्हा, कोणत्या शब्दांत सांगितले ते लिहावे आणि त्या माहितीत आपली दुरुस्ती मिसळू नये. 'हे पांडवांनी एका रात्रीत बांधले' हे विधान कालनिर्णयाच्या कामाचे नाही. त्या गावाने आपल्या देवळाचे प्राचीनत्व कसे कल्पिले आहे याचा मात्र तो पुरावा आहे, आणि लोकसाहित्याच्या अभ्यासकाला त्याचे मोल ठाऊक असते. देऊळ पूर्वी कसे होते, जुना मंडप केव्हा उतरवला, कोणती मूर्ती कोठून हलवली, असे प्रश्न विचारले तर पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे प्रत्यक्षदर्शी वर्णन मिळते आणि ते अन्य कोणत्याही साधनात नसते.

८. समारोप

वर सांगितलेल्या साधनांत क्रम लावावयाचा झाला तर तो असा लावता येईल. आधी नामसूची व प्रशासकीय इतिहास, नंतर सूचिग्रंथ व गॅझेटियर, मग संगणकावरील संग्रह, त्यानंतर एक स्थळभेट, त्या भेटीतून उद्भवलेले प्रश्न घेऊन दप्तर, आणि शेवटी पुन्हा स्थळ. दुसऱ्या भेटीत वस्तू निराळी दिसते, कारण पाहणाऱ्याला काय पाहावयाचे ते कळलेले असते.

महाविद्यालयीन शिक्षकांना एक विनंती करावीशी वाटते. विद्यार्थ्यांच्या लघुप्रबंधांच्या प्रती परीक्षा संपल्यावर कपाटात जातात व काही वर्षांनी रद्दीत. त्यांतील निष्कर्ष कच्चे असतील, भाषा उसनी असेल, पण त्यांतील मोजमापे, छायाचित्रे आणि ज्येष्ठांच्या मुलाखती यांना दुसरी प्रत नसते. प्रत्येक विभागाने एवढा भाग तरी वेगळा काढून गावनिहाय लावावा, त्याला दाखलांक द्यावा आणि एक संगणकीय व एक कागदी प्रत ग्रंथालयात ठेवावी. भोर आणि वेल्ह्यातील प्रत्येक गावासाठी अशी एकेक धारिका तयार झाली, तर पुढच्या विद्यार्थ्याला 'साधनेच नाहीत' असे म्हणण्याची वेळ येणार नाही. ज्या देवळाचा जीर्णोद्धार येत्या उन्हाळ्यात होणार आहे त्याची नोंद मात्र या वर्षीच्याच विद्यार्थ्याने करावयास हवी.